डोपिंग: घेणाऱ्याला चार वर्षं, देणाऱ्याला काय?

मेघना_वाई

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी ४०० मीटर धावते. विद्यापीठाच्या स्पर्धेत पदक मिळालं, आता राज्य स्पर्धेची तयारी चालू आहे. परवा मैदानावरच्या एका गृहस्थांनी तिला एक डबा आणून दिला. ते तिचे प्रशिक्षक नाहीत, पण मैदानावर त्यांच्या शब्दाला वजन आहे. काळा प्लास्टिकचा डबा, झाकणाखालचा चंदेरी कागद आधीच फाडलेला, आत फिकट गुलाबी पावडर आणि चमचा. घटकांची यादी असते तिथे दुसरंच लेबल डकवलेलं, त्यावर नुसतं "एनर्जी". सरावाआधी अर्धा तास घे, दम लागत नाही, एवढंच सांगितलं. पैसेही घेतले नाहीत, हे मला जास्त खटकलं.

तिने ते घेतलेलं नाही. डबा माझ्या कपाटात आहे.

या निमित्ताने डोपिंगचे नियम वाचायला घेतले आणि झोप उडाली. खेळाडूच्या शरीरात बंदी असलेलं द्रव्य सापडलं की तो दोषी. कसं आलं, कुणी दिलं, त्याला माहीत होतं का, हे सगळं नंतर; त्यावरून फक्त शिक्षा किती कमी करायची ते ठरतं. स्टिरॉइड असेल तर पहिल्याच वेळी चार वर्षांची बंदी. या वयातली चार वर्षं म्हणजे जवळजवळ सगळी कारकीर्द.

आणि डबा देणारा? तो दुसऱ्या दिवशी मैदानावर हजर, हातात दुसरा डबा. मला हा नियम अन्यायाचा वाटतो. ज्यांची मुलं खेळतात, जे स्वतः खेळलेत, त्यांनी जरूर लिहा.

धावता_धोंडी

ताई, सगळ्यात आधी एक काम करा. तो डबा परत देऊ नका आणि फेकूही नका. आहे तसा ठेवा, लेबलचे फोटो काढा, कोणी कधी दिला ते लिहून ठेवा.

"दम लागत नाही" म्हणून मिळणाऱ्या पावडरींत बरेचदा उत्तेजक असतं. मिथाइलहेक्सानामिन हे नाव लक्षात ठेवा. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर आपले कितीतरी खेळाडू याच एका द्रव्यात अडकले होते. पुढे रिले धावपटू पूवम्मावर याच द्रव्यामुळे २०२२ मध्ये दोन वर्षांची बंदी आली. आधी तिला तीन महिनेच दिले होते, अपिलात ते दोन वर्षं झाले.

सुलेखा

मेघनाताई, मुलीचं कौतुक. इतक्या लहान वयात मोह टाळला आणि आईला येऊन सांगितलं, ही मोठी गोष्ट आहे.

खटलेवाला

धाग्याच्या मूळ प्रश्नावर जरा विरुद्ध बाजूने लिहितो.

नियम कठोर आहे, मान्य. पण उलट करून बघा. खेळाडूने जाणूनबुजून घेतलं हे तपास करणाऱ्यांनी सिद्ध करायचं ठरवलं तर? प्रयोगशाळेला लघवीत द्रव्य दिसतं, मनातला हेतू दिसत नाही. प्रत्येक जण म्हणेल, कोणीतरी जेवणात कालवलं. मग एकही जण सापडणार नाही, आणि स्वच्छ खेळणाऱ्या मुलीला वर्षानुवर्षं चौथा क्रमांक मिळत राहील. हा नियम तुमच्या मुलीच्या विरोधात नाही, तिच्यासाठी आहे.

देणाऱ्याला शिक्षाच नाही, हेही खरं नाही. जागतिक डोपिंगविरोधी संहितेत द्रव्य देणं आणि त्याचा व्यापार करणं हे वेगळे गुन्हे आहेत. शिक्षा चार वर्षांपासून आजन्म बंदीपर्यंत. शिवाय बंदी असलेल्या प्रशिक्षकाकडे सराव करणं हाही खेळाडूसाठी गुन्हाच.

अडचण पुढे आहे. बंदी घालायची म्हणजे काय? तर स्पर्धा, संघटना, शिबिरं यांपासून लांब ठेवायचं. जो माणूस कुठल्याच संघटनेत नोंदलेला नाही, नुसता मैदानावर येऊन उभा राहतो, त्याला कशापासून लांब ठेवणार?

तालमीतला

वकीलसाहेब, कागदावर सगळं बरोबर हाय. पण नरसिंग यादवचं काय झालं ते इसरू नका.

तीन वर्षं सलग महाराष्ट्र केसरी, २०११, १२ आणि १३. अशी हॅट्‌ट्रिक करणारा पयलाच. २०१५ ला लास वेगासला जागतिक स्पर्धेत कांस्य मारून ७४ किलोचा ऑलिम्पिक कोटा त्यानंच आणला. मग सुशीलकुमार का नरसिंग, कोण जाणार यावरून कोर्टकचेरी. ती निकालात निघती न निघती तोवर जून २०१६ ला सोनीपतच्या शिबिरात नमुना पॉझिटिव्ह. माझ्या जेवणात मिसळलं म्हणून तो घसा फोडून सांगत हुता. एक ऑगस्टला नाडानं, म्हंजे आपल्या राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेनं, निर्दोष सोडलं. रिओला गेला. १९ तारखेला कुस्ती, आणि १८ ला रात्री क्रीडा लवादाची चार वर्षांची बंदी.

आमच्या तालमीत त्या दिवशी कोन जेवलं नाय. मी आजपन मानत नाय की त्यानं घेतलं. ज्याच्याकडं ऑलिम्पिकचं तिकीट हाय तो दोन महिने आधी गोळी कशाला खाईल?

खटलेवाला

@तालमीतला, तुमची तळमळ समजते. पण लवादाचं म्हणणंही इथे यायला हवं, नाहीतर अर्धीच गोष्ट राहते.

कट झाला हे दाखवायची जबाबदारी नरसिंगवर होती. जेवणात किंवा पेयात पावडर टाकली असं त्याच्या बाजूचं म्हणणं होतं. तज्ज्ञांनी २५ जूनच्या नमुन्यातलं मिथॅन्डिएनोन या स्टिरॉइडचं प्रमाण बघून सांगितलं, की हे गोळीच्या रूपात तोंडावाटे घेतल्याशी जुळतं, पाण्यात भुरभुरवलेल्या पावडरीशी नाही. प्रत्यक्ष पुरावा कोणताच नव्हता. दुसरी बाजू अशी, की त्याच्या खोलीत राहणाऱ्या मल्लाच्या नमुन्यातही तेच द्रव्य निघालं होतं. याचा अर्थ दोन्हीकडे लावता येतो.

तालमीतला

दोन्हीकडं लावता येतो ना? मग संशयाचा फायदा पोराला का नाय?

खटलेवाला

कारण हा फौजदारी खटला नाही. तुमचा प्रश्न मात्र योग्य आहे, आणि त्याला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही.

चहाबाज

गंभीर चर्चेत एक प्रश्न. चहा चालतो ना? नाहीतर आमच्या कॅरम संघातले सगळेच बाद होतील. (ह. घ्या.)

डॉ_अनुराधा

@चहाबाज, चालतो. :) कॅफीन पूर्वी यादीत होतं, २००४ पासून काढलं. आता त्यावर नुसतं लक्ष ठेवतात. तुमचा संघ सुरक्षित आहे.

आता कामाचं. माझ्या ओपीडीत खेळणारी मुलं बरीच येतात, आणि आपण डॉक्टर मंडळीच या विषयात फार अडाणी आहोत असं माझं प्रामाणिक मत आहे. एमबीबीएसला हे कोणी शिकवत नाही. खेळाडू खोकल्यासाठी येतो, आपण नेहमीचं सिरप लिहून मोकळे. त्यात टर्ब्युटालीन असतं. २०१९ मध्ये पृथ्वी शॉच्या नमुन्यात हेच सापडलं. इंदूरला सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या वेळी घेतलेला नमुना. त्याने सांगितलं की खोकल्याचं औषध घेतलं होतं, मंडळाने ते मान्य केलं, तरी आठ महिने बंदी.

आणखी एक, गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन. दुखणाऱ्या सांध्यात सर्रास देतात. २०२२ पासून स्पर्धेच्या काळात कोणत्याही मार्गाने टोचलेलं ग्लुकोकॉर्टिकॉइड चालत नाही. वजनी गटातल्या खेळाडूंना पाणी कमी करायची गोळी, म्हणजे फ्युरोसेमाइड, तीही बंद. ती इतर द्रव्यं लपवते म्हणून. शेन वॉर्नला २००३ चा विश्वचषक अशाच प्रकारच्या गोळीमुळे सोडावा लागला होता, आणि गोळी आईने दिली असं त्याने सांगितलं होतं.

त्यामुळे पालकांनो, डॉक्टरकडे गेलात की पहिलं वाक्य "ही खेळाडू आहे" असं म्हणा. नाडाचं ॲप आहे, त्यात औषधाचं नाव टाकून बघता येतं. आजारासाठी बंदी असलेलं औषध खरंच लागत असेल तर आधी अर्ज करून परवानगी घेता येते, त्याला टीयूई म्हणतात.

पॅव्हेलियन_एंड

डॉक्टर, पृथ्वीच्या प्रकरणात एक जोड. बंदी मागच्या तारखेपासून, १६ मार्चपासून मोजली. निकाल आला जुलैअखेर आणि बंदी संपली १५ नोव्हेंबरला. मधल्या काळात तो आयपीएल खेळला होता. त्याचा नमुना बीसीसीआयच्या स्वतःच्या यंत्रणेत घेतलेला, नाडाच्या नाही. निकाल जाहीर झाल्यावर काही दिवसांतच, ऑगस्ट २०१९ मध्ये, मंडळ नाडाखाली आलं. त्याआधी कित्येक वर्षं ठावठिकाणा कळवायच्या नियमाला मंडळाचा विरोध होता.

भारोत्तोलनातल्या मुलीला हा मान मिळाला असता? क्रिकेटचा मी कट्टर प्रेमी आहे, म्हणूनच हे टोचतं.

रानवारा

ठावठिकाणा म्हणजे काय? कोणी सांगेल का?

माजी_उचलवीर

@रानवारा, मी सांगतो. मी राष्ट्रीय पातळीवर भारोत्तोलन केलंय, आता रेल्वेत आहे.

चाचणीच्या यादीत नाव आलं की तीन-तीन महिन्यांचं वेळापत्रक आधी भरून द्यायचं. रात्री कुठे झोपणार, सराव कुठे, आणि रोजची एक ६० मिनिटांची वेळ, जेव्हा तुम्ही सांगितलेल्या जागी सापडलंच पाहिजे. बारा महिन्यांत तीनदा चुकलात तर नमुना न देताही गुन्हा, साधारण दोन वर्षं. मावशीच्या लग्नाला गेलात तरी आधी तिथला पत्ता टाकायचा.

चाचणी कशी असते तेही लिहितो, कारण नव्या मुलांना कोणीच सांगत नाही आणि मग ती घाबरतात. स्पर्धा संपते, एक माणूस येऊन नाव विचारतो, कागदावर सही घेतो. तेव्हापासून तो सावलीसारखा मागे. पाणी प्यायचं ते सीलबंद बाटलीतलंच. मग खोली. तिथे बरीच रिकामी भांडी प्लास्टिकमध्ये बंद ठेवलेली असतात, त्यातलं तुम्ही निवडायचं. हात धुवायचे. बनियन छातीपर्यंत वर, चड्डी गुडघ्यापर्यंत खाली, आणि तो माणूस समोर उभा राहून थेट बघतो. पहिल्या वेळी अर्धा-पाऊण तास काही होतच नाही. किमान ९० मिलि लागतं. कमी पडलं तर ते बंद करून ठेवतात आणि पुन्हा थांबायचं. वजन उतरवायला आधीच पाणी तोडलेलं असतं, त्यामुळे आमच्यातले काही जण रात्री उशिरापर्यंत बसून असायचे.

मग दोन काचेच्या बाटल्या, ए आणि बी. ओतायचं तुम्हीच, झाकण फिरवायचं तुम्हीच. ते फिरताना कट्-कट् आवाज येतो आणि आवाज थांबेपर्यंत घट्ट करायचं, नंतर उलटं फिरत नाही. दोन्हींवरचा नंबर कागदावर आहे तोच आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. भांड्यात उरलेल्या थेंबांवर लघवी फार पातळ तर नाही हे तपासतात. शेवटी फॉर्म. मागच्या सात दिवसांत घेतलेलं प्रत्येक औषध, गोळी, पावडर लिहायची. लाजू नका, घाई करू नका. डोकेदुखीची गोळीसुद्धा लिहा. फॉर्मची प्रत घरी नेऊन जपून ठेवा.

सुलेखा

बाप रे. उंदराच्या बिळातून बाटल्या बदलल्याचं वाचलं होतं ते हेच का?

माजी_उचलवीर

हो, २०१४, सोची, रशिया. प्रयोगशाळेच्या भिंतीला भोक पाडून रात्री बाटल्या पलीकडे द्यायचे. गुप्तहेर खात्याची माणसं त्या बाटल्या उघडायची, आणि खेळाडूची काही महिने आधी गोठवून ठेवलेली स्वच्छ लघवी त्यात भरून परत. प्रयोगशाळेचा प्रमुख रोद्चेन्कोव्ह अमेरिकेत पळाला आणि त्यानेच २०१६ मध्ये सगळं उघड केलं. उघडत नाहीत म्हणून ज्या बाटल्यांचा गाजावाजा होता, त्या उघडल्या. म्हणून म्हणतो, नंबर स्वतः बघा.

निळाशार

मला एक कळत नाही. एवढा आटापिटा करूनही लोक घेतातच, तर देऊन टाका मोकळीक. घ्यायचं त्याने घ्यावं. लास वेगासला "एनहान्स्ड गेम्स" नावाची अशी स्पर्धा जाहीरही झाली आहे. सज्ञान माणसाने स्वतःच्या शरीराचं काय करायचं ते त्याने ठरवावं. निदान ढोंग तरी संपेल.

र्‍हाइनकाठ

@निळाशार, तुमच्याशी पूर्ण असहमत. मी जर्मनीत राहते, इथे या "मोकळिकी"चे परिणाम भोगणारी माणसं अजून जिवंत आहेत.

पूर्व जर्मनीत सरकारच खेळाडूंना ओरल-टुरिनाबोलच्या निळ्या गोळ्या द्यायचं. हजारो खेळाडूंना. त्यात किशोरवयीन जलतरणपटू मुली होत्या, आणि त्यांना सांगितलं जायचं की ही जीवनसत्त्वं आहेत. मुलींचे आवाज घोगरे झाले, पुढे यकृत, हृदय, गर्भारपण, सगळ्याचे त्रास. गोळाफेकीत १९८६ ची युरोपियन विजेती हायडी क्रीगर. तिला सोळाव्या वर्षापासून या गोळ्या दिल्या गेल्या. पुढे लिंगबदल करून ती आंद्रेयास झाली. आपण कोण आहोत हे स्वतः शोधायची संधीच गोळ्यांनी हिरावली, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलंय. २००० साली तिथल्या क्रीडा महासंघाच्या माजी प्रमुखावर, मानफ्रेड एवाल्डवर, खटला चालून तो दोषी ठरला.

मोकळीक दिली की पहिल्यांदा कोणाच्या तोंडात गोळी जाते? सज्ञान विजेत्याच्या नाही. चौदा वर्षांच्या, "सर सांगतात" म्हणून घेणाऱ्या मुलीच्या.

निळाशार

लहान मुलांचं मी बोलतच नव्हतो. सज्ञान व्यावसायिकांचं म्हणत होतो.

र्‍हाइनकाठ

चौदाव्या वर्षी सुरुवात केल्याशिवाय एकविसाव्या वर्षी व्यावसायिक होता येत नाही. वर जे चालतं ते खाली उतरतंच.

पी_टी_मास्तर

हे "खाली उतरतं" ते मी रोज बघतो, म्हणून सविस्तर लिहितो.

मी तालुक्याच्या गावात शारीरिक शिक्षण शिकवतो. सकाळी मैदानावर शाळेची मुलं कमी आणि पोलीस भरतीची जास्त. १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक. एका सेकंदावर नोकरी जाते. वडिलांनी वावर गहाण ठेवलेलं, वय निघून चाललेलं. अशा पोराला कोणी सांगितलं की एक इंजेक्शन घे आणि पळ, तर तो काय करेल?

इंजेक्शनचं नाव मेफेन्टरमीन. भूल दिल्यावर रक्तदाब पडला तर ऑपरेशन थिएटरमध्ये वापरायचं औषध. ते चिठ्ठीशिवाय जिममध्ये मिळतं. पोलिसांनी साठे पकडल्याच्या बातम्या आपल्याकडे अधूनमधून येतात. मैदानाच्या कडेला स्वच्छतागृहामागे मी स्वतः सुया उचलल्या आहेत. बारीक काचेच्या बाटल्या, रबरी बूच, त्यावर सुईची भोकं. एकाच बाटलीतून कितीजण घेतात ते बुचावरच्या भोकांवरून कळतं. एका मुलाला छातीत धडधड होते म्हणून मी दुचाकीवरून दवाखान्यात नेलं, तर तिथेही तो नाव सांगेना. मी हात धरून बसलो तेव्हा बोलला.

या मुलांना नाडा माहीत नाही. नाडाला ही मुलं माहीत नाहीत. चाचणी होते ती राष्ट्रीय शिबिरात, मोठ्या स्पर्धेत. सवय लागते ती इथे. जो पोरगा इथून वर जातो तो ही सवय घेऊनच जातो, आणि तिथे सापडला की सगळे म्हणतात, बघा, फसवणारा निघाला. त्याला पहिली सुई टोचणारा इथेच असतो, चहाच्या टपरीवर.

म्हणून मेघनाताई, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: खेळाडूला शिक्षा हवीच, पण पहिली सुई देणाऱ्याला तुरुंग हवा. बंदी नको, तुरुंग.

तालमीतला

मास्तर, शंभर टक्के. आमच्याकडं पन हेच. पयलं दूध, तूप, बदाम हाच खुराक असायचा. आता जत्रेच्या फडाआधी पोरं जिमवाल्याला फोन लावत्यात. वस्ताद लोकांनी तालमीत पाटी लावाय पायजे.

धावता_धोंडी

मास्तरांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. प्रत्येक शाळेच्या फलकावर लागावा असा आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली राज्य ॲथलेटिक्स स्पर्धेत काय झालं ते आठवतं? नेहरू स्टेडियमच्या स्वच्छतागृहात सुया सापडल्याचा व्हिडिओ फिरला. नाडाचे अधिकारी येताच खेळाडू गायब. पुरुषांच्या १०० मीटरच्या अंतिम फेरीत एकच जण धावला. एकच!

आकडेही तसेच. जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या अहवालात २०२३ साली भारताचे ५,६०६ नमुने तपासले गेले, त्यात २१४ पॉझिटिव्ह, म्हणजे ३.८ टक्के. ५,००० पेक्षा जास्त नमुने तपासणाऱ्या देशांत सर्वांत वाईट. पुढच्या वर्षी ७,११३ नमुने आणि २६० पॉझिटिव्ह. काही जण म्हणतात चाचण्या वाढल्या म्हणून जास्त सापडतात. चीनने २०२३ मध्ये आपल्या चौपटीहून जास्त नमुने तपासले, तरी त्यांचं प्रमाण आपल्यापेक्षा कितीतरी कमी होतं.

निळाशार

चीनवर किती विश्वास ठेवायचा तेही बघा. त्यांचे २३ जलतरणपटू २०२१ मध्ये ट्रायमेटाझिडीन या हृदयाच्या औषधाला पॉझिटिव्ह होते, हॉटेलच्या स्वयंपाकघरातून आलं असं सांगून सगळे सुटले. जगाला कळलं २०२४ मध्ये.

पॅव्हेलियन_एंड

@निळाशार, या मुद्द्याशी सहमत. आणि टेनिसही घ्या. यानिक सिनर मार्च २०२४ मध्ये क्लोस्टेबोल या स्टिरॉइडला दोनदा पॉझिटिव्ह. फिजिओच्या बोटाला जखम होती, त्यावर फवारा मारलेला, त्याच हाताने मालिश केलं. प्रमाण अगदी नगण्य. स्वतंत्र लवादाने निर्दोष ठरवलं, जागतिक संस्थेने अपील केलं आणि शेवटी तडजोडीने तीन महिने. सिमोना हालेपची चार वर्षांची बंदी लवादाने नऊ महिन्यांवर आणली. ते निर्णय चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही. पण त्यासाठी वकील, शास्त्रज्ञ, प्रत्येक पुरवणीची (सप्लिमेंटची) प्रयोगशाळेत चाचणी, एवढा खर्च करावा लागतो. आपली एखादी साताऱ्याची नाहीतर बीडची मुलगी हे कुठून करणार? नियम सगळ्यांना सारखा, पण सुटायचा रस्ता पैशाचा.

खटलेवाला

हे मात्र पूर्ण मान्य. कठोर नियम ठेवायचा असेल तर खेळाडूला मोफत वकील आणि पुरवणी तपासून घ्यायची सोय द्यायला हवी. नुसती जबाबदारी द्यायची आणि साधन नाही, हे चुकीचं.

मास्तरांच्या तुरुंगाच्या मुद्द्यावर: जर्मनी, इटलीमध्ये डोपिंग हा फौजदारी गुन्हा आहे. आपल्या २०२२ च्या कायद्याने नाडाला वैधानिक दर्जा आणि झडती-जप्तीचे अधिकार मिळाले, पण तुरुंग नाही. चिठ्ठीशिवाय औषध विकणं मात्र आजही औषध कायद्याखाली गुन्हा आहे. म्हणजे तुमच्या टपरीवाल्यासाठी नवीन कायदा लागतच नाही, अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार लागते.

रानवारा

म्हणजे लढायला नरसिंगला कमी वेळ मिळाला, पैसेही कमी, आणि तिकडे वर्षभर सुनावण्या. @तालमीतला यांचं दुःख आता जास्त समजलं.

सुलेखा

स्वच्छ खेळणाऱ्यांचं काय होतं यावर कोणी लिहिलं नाही. अंजू बॉबी जॉर्ज २००५ च्या मोनॅको इथल्या जागतिक अंतिम स्पर्धेत लांब उडीत दुसरी आली होती. रशियाच्या कोतोवाचा जुना नमुना कित्येक वर्षांनी पुन्हा तपासला, ती दोषी निघाली, आणि अंजूचं रौप्य सोन्याचं झालं. तोवर तिची कारकीर्द संपलेली. तेव्हा राष्ट्रगीत वाजायला हवं होतं, ते कसं परत देणार? २०१८ च्या आशियाई स्पर्धेतल्या मिश्र रिलेचं सुवर्णही असंच नंतर मिळालं, बहरीनची धावपटू सापडल्यावर.

माजी_उचलवीर

नमुने दहा वर्षं जपून ठेवतात ते याचसाठी. आज सापडलं नाही म्हणजे सुटलो असं नाही. आमच्या खेळात लंडन २०१२ चे नमुने पुन्हा तपासल्यावर कितीतरी पदकं परत घेतली.

चहाबाज

अवांतर: ऑलिम्पिकमध्ये डोपिंगसाठी बाद झालेला पहिला माणूस कोण माहीत आहे का? १९६८, मेक्सिको, स्वीडनचा लिल्येनवाल. पिस्तूल मारताना हात थरथरू नये म्हणून दोन बिअर प्यायला. संघाचं कांस्यपदक गेलं.

तालमीतला

@चहाबाज, मग भांगेची थंडाई पन बंद का?

डॉ_अनुराधा

@तालमीतला, स्पर्धेच्या काळात हो, गांजा-भांग यादीत आहे. शरीरात बरेच दिवस राहते, त्यामुळे होळीची थंडाई नंतरच्या स्पर्धेत नडू शकते. बदामाची प्या.

मेघना_वाई

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकी माहिती एका जागी मिळेल असं वाटलं नव्हतं. प्रत्येक प्रतिसाद मुलीला वाचून दाखवला, उचलवीर यांचा चाचणीच्या खोलीचा तर तिने पुन्हा वाचायला लावला.

खटलेवाला यांचा मुद्दा मुलीला पटला, मला अर्धाच. ती म्हणाली, आई, माझ्या शेजारच्या लेनमधली घेऊन धावत असेल तर मलाही तिला सोडलेलं चालणार नाही. माझं म्हणणं तरी तेच राहतं: तिच्याकडून एवढी जबाबदारी मागता, तर तो डबा मैदानावर आणणाऱ्याकडूनही मागा.

आम्ही तिच्या प्रशिक्षकांना डबा दाखवला. त्यांना धक्का बसला, त्याच माणसाने आणखी दोघांना दिल्याचं त्यांनी शोधून काढलं. ती दोघं घेत होती. त्यांच्या घरच्यांशी आम्ही मिळून बोललो, एका मुलाचे वडील आधी आमच्यावरच चिडले. आता तिघांच्या घरचे मिळून अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार देणार आहोत. @खटलेवाला, मसुदा बघून द्याल का? व्यक्तिगत निरोप (व्यनि) करते.

खटलेवाला

जरूर पाठवा, फी नाही. तक्रारीत तारीख, वेळ, जागा लिहा आणि डबा देताना पंचनाम्याची प्रत मागून घ्या. घेत होती त्या दोघांसाठी एक गोष्ट: उद्या त्यांची चाचणी झालीच आणि त्यांनी पुरवठादाराबद्दल उपयोगी माहिती दिली, तर शिक्षेचा मोठा भाग स्थगित होऊ शकतो, तीन चतुर्थांशपर्यंत. त्यांनी गप्प बसू नये.

पी_टी_मास्तर

मेघनाताई, मसुदा तयार झाला की मलाही पाठवा. आमच्या तालुक्यातून दुसरी तक्रार जाईल. माझ्याकडे उचललेल्या बाटल्यांचे फोटो आहेत, दोन बाटल्यांवर बॅच नंबर स्पष्ट दिसतो.

रानवारा

@डॉ_अनुराधा, एक शंका. माझा भाचा जलतरण करतो, त्याला दमा आहे, इनहेलर घेतो. वरचं टर्ब्युटालीनचं वाचून बहीण घाबरली आहे. बंद करायचा का?

डॉ_अनुराधा

@रानवारा, अजिबात बंद करू नका, दम्यात ते धोक्याचं आहे. आधी इनहेलरवरचं नाव बघा. सालब्युटामॉल असेल तर ठरावीक मर्यादेत परवानगी न घेता चालतं: २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम, आणि कुठल्याही आठ तासांत ६०० पेक्षा जास्त नाही. नेहमीच्या १०० मायक्रोग्रॅमच्या पंपाचे आठ तासांत सहा झटके. टर्ब्युटालीन असेल तर डॉक्टरांना सांगून बदलून घ्या किंवा टीयूईचा अर्ज करा. नेब्युलायझरने मात्र मर्यादा सहज ओलांडली जाते, त्यामुळे तशी वेळ आली तर दवाखान्याचे कागद जपून ठेवा. इनहेलरचा फोटो इथे टाका, मी बघते.